गुणवत्तेच्या अटी कशा लिहाव्यात? उद्योगातल्या सॉफ्टवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखाना, गोदाम, बँक, रुग्णालय, वीजकेंद्र अशा ठिकाणी चालणारे सॉफ्टवेअर काय काम करते हे कागदपत्रांत बहुतेक वेळा नीट लिहिलेले असते. ते काम किती चांगले व्हायला हवे, हे मात्र शेवटच्या पानावर दोन-तीन ओळींत उरकलेले असते. माझी बरीच वर्षे अशा अटी लिहिण्यात, तपासण्यात आणि त्यांवरून पेटलेले वाद मिटवण्यात गेली आहेत. या कामात नव्याने आलेले सहकारी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि मी त्यांना देते ती उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

गुणवत्तेची अट म्हणजे नेमके काय?

"पेटी सेन्सरसमोर आली की तिचे लेबल छापावे" ही कामाची अट झाली. ते लेबल किती वेळात छापावे, हजारात किती वेळा चुकलेले चालेल, नेटवर्क तुटले तर छपाई किती वेळ चालू राहावी, लेबलचा नमुना कोणाला बदलता यावा, या सगळ्या गुणवत्तेच्या अटी. ऑफिसात त्यांना नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट किंवा नुसते एनएफआर म्हणतात. मला हे नाव पटत नाही. "नॉन" म्हटले की हा भाग नंतर बघू, असा समज होतो, आणि प्रत्यक्षात प्रकल्प अडकतात ते याच भागात.

दोन्ही प्रकारांमधली सीमा पुसटच आहे. "चुकीचा पासवर्ड पाचदा दिला तर खाते बंद करावे" हे वाचायला काम वाटते, पण त्याचा जन्म सुरक्षेच्या गरजेतून झालेला असतो. कोणती अट कुठल्या खणात टाकायची यावर बैठका घालवू नका. अट तपासता येते का, एवढे पाहा.

"प्रणाली जलद आणि वापरायला सोपी असावी" एवढे लिहून भागत नाही का?

सही करताना भागते, स्वीकृती चाचणीच्या दिवशी अडते. आणि नुसता आकडा घातल्यानेही सुटका होत नाही, हे मी एका पॅकिंग लाइनवर शिकले.

तिथे अट होती: "लेबल २ सेकंदांत छापले जावे." आकडा असल्यामुळे सगळे निश्चिंत होते. चाचणीच्या दिवशी मी पट्ट्याशेजारी उभी होते. पहिल्या पंधरा-वीस पेट्यांना लेबल बरोबर लागले. मग एक पेटी कोरीच पुढे गेली, तिच्या मागच्या पेटीवर तिचे लेबल बसले, आणि तिथून पुढची प्रत्येक पेटी आधीच्या पेटीचे लेबल घेऊन निघाली. ऑपरेटरने लाल बटण दाबून पट्टा थांबवला. प्रोग्रामरने लॅपटॉप फिरवून आकडे दाखवले: सर्व्हरला विनंती मिळाल्यापासून उत्तर निघेपर्यंत सरासरी ०.४ सेकंद. ऑपरेटरचे घड्याळ मात्र पेटीने सेन्सरचा किरण तोडला तेव्हा सुरू होत होते आणि लेबल प्रिंटरच्या तोंडाशी आले तेव्हा थांबत होते. मधे नेटवर्क होते, प्रिंटरची रांग होती, कागद पुढे सरकायला लागणारा वेळ होता. दोघेही खरे बोलत होते. घड्याळ कुठून कुठपर्यंत चालवायचे, हे अटीत कोणी लिहिलेच नव्हते.

मग चांगली अट कशी दिसते?

त्याच अटीचे आम्ही नंतर केलेले लेखन देते:

"पट्टा ०.६ मीटर प्रति सेकंद वेगाने चालू असताना आणि मिनिटाला २० पेट्या येत असताना, पेटीने सेन्सरचा किरण तोडल्यापासून तिचे लेबल प्रिंटरच्या तोंडाशी तयार होईपर्यंतचा वेळ १००० पैकी किमान ९९९ पेट्यांसाठी २ सेकंदांपेक्षा कमी असावा. वेळ चुकल्यास ते लेबल रद्द व्हावे आणि पेटी बाजूच्या मार्गावर वळवली जावी. पुढचा स्कॅनर प्रत्येक लेबल पेटीच्या क्रमांकाशी ताडून पाहील. मोजणी लाइनवरच्या पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रण-संगणकाच्या) घड्याळाने, सलग ८ तासांच्या पाळीत. आकड्याचा उगम: सेन्सर ते प्रिंटर अंतर १.२ मीटर."

एका ओळीचा परिच्छेद झाला, पण आता भांडायला जागा उरली नाही. मिनिटाला २० म्हणजे ८ तासांत ९६०० पेट्या, म्हणजे ९ पेट्या उशिरा झाल्या तरी चालतील, दहावी झाली की चाचणी नापास. हा हिशेब सही करण्याआधीच दोन्ही बाजूंनी केला, आणि "नऊ पेट्या हाताने लेबल लावू" असे पाळीप्रमुखाने स्वतः सांगितले.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने अशा लेखनासाठी सहा भागांचा साचा रूढ केला आहे: घटना कोणाकडून आली, घटना काय, प्रणालीच्या कोणत्या भागावर आली, त्या वेळी परिस्थिती कशी होती, प्रणालीने काय करावे, आणि ते कसे मोजावे. वरच्या अटीत हे सहाही भाग सापडतील. मी त्यात सातवा भाग घालते, तो म्हणजे आकड्याचा उगम. का, ते पुढे येईलच.

सॉफ्टवेअर सल्लागार टॉम गिल्ब यांची प्लॅंग्वेज नावाची पद्धतही शिकण्यासारखी आहे. तीत प्रत्येक गुणासाठी मोजपट्टी आणि मोजण्याची रीत लिहितात, आणि एका आकड्याऐवजी पातळ्या ठरवतात: याखाली गेले तर अपयश, इथवर पोहोचायचे ठरले आहे, आणि इथवर गेले तर फारच उत्तम. वाटाघाटीत याचा मोठा उपयोग होतो. एकच आकडा समोर असला की लोक अडून बसतात, दोन पातळ्या दिसल्या की बोलू लागतात.

सरासरी वेळ लिहिली तर चालेल का?

नको. समजा १०० लेबलांपैकी ९५ अर्ध्या सेकंदात छापली आणि ५ ना १२ सेकंद लागले. सरासरी येते १.०७५ सेकंद. कागदावर छान दिसते, पट्ट्यावर मात्र पाच पेट्या कोऱ्या निघून गेल्या. म्हणून पर्सेंटाइलमध्ये लिहा: ९५ वा, ९९ वा, गरज असेल तर ९९.९ वा. ९५ वा पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९५ वेळा काम ज्याच्या आत होते तो वेळ.

कुठला पर्सेंटाइल हे ठरवताना एक गोष्ट विसरली जाते. एखादी स्क्रीन उघडायला मागे २० वेगवेगळ्या सेवांना विचारणा करावी लागते, आणि प्रत्येक सेवा १०० पैकी ९९ वेळा जलद आहे असे धरू. वीसच्या वीस जलद असण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ८२ टक्के. थोडक्यात, जवळपास दर पाचवी-सहावी स्क्रीन रेंगाळणार. प्रत्येक सेवेची टीम आपापली अट पाळत असते आणि वापरणारा तरीही वैतागलेला असतो. त्यामुळे मुख्य अट वापरणाऱ्याच्या टोकाला लिहा आणि तिथून मागे येत सेवांना वेळ वाटून द्या.

ग्राहक म्हणतो, "आकडा तुम्हीच ठरवा." आता काय करायचे?

ग्राहकाला आकडा विचारूच नका, नुकसान विचारा. "उशीर झाला तर काय होते? कोणाला त्रास होतो? कधीपासून?" या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे नक्की असतात. पॅकिंग लाइनचे २ सेकंद कोणाच्या मनातून आलेले नव्हते. १.२ मीटर अंतर भागिले ०.६ मीटर प्रति सेकंद, एवढे साधे ते गणित होते. पण मूळ कागदात गणित नव्हते, फक्त उत्तर होते.

उगम लिहिण्याचा फायदा वर्षभराने कळला. उत्पादन वाढवण्यासाठी पट्ट्याचा वेग ०.८ करायचे ठरले. पट्ट्याचे काम पाहणाऱ्या इंजिनिअरने अट वाचली, १.२ भागिले ०.८ म्हणजे १.५ सेकंद असा हिशेब केला, आणि वेग वाढवण्याआधी आम्हाला फोन केला. अटीत नुसते "२ सेकंद" असते तर त्याला आम्हाला विचारायचे कारणच नव्हते.

जिथे असे भौतिक गणित नसते, तिथे आधी आजची स्थिती मोजा. जुनी प्रणाली, हाताने होणारे काम, जे काही असेल ते. त्या आकड्यावर बसून "यापेक्षा किती चांगले हवे, आणि त्याने काय फरक पडेल" असे बोलणे कितीतरी सोपे जाते. स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसासाठी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी मांडलेल्या तीन मर्यादाही कामी येतात: ०.१ सेकंदापर्यंत प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जाते. चर्चा सुरू करायला या मर्यादा चांगल्या आहेत. त्या जशाच्या तशा करारात उतरवू नका.

परिस्थिती लिहिण्यावर एवढा भर का?

कारण आकडा ज्या परिस्थितीत खरा होता तिच्यातून उचलून दुसरीकडे नेला की तो खोटा ठरतो, आणि त्याची किंमत फार मोठी असू शकते. दोन उदाहरणे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

४ जून १९९६ रोजी एरियन ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. सुमारे ४० सेकंदांत रॉकेटने मार्ग सोडला आणि ते नष्ट झाले. दिशा आणि वेग सांगणाऱ्या संदर्भ प्रणालीचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून घेतलेले होते. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती. एरियन ५ चा आडवा वेग सुरुवातीपासूनच जास्त असल्याने ती संख्या बसली नाही. संदर्भ प्रणालीचा मुख्य संगणक बंद पडला. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर होते, तो त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता.

चौकशी अहवालातले तपशील आपल्या कामाचे आहेत. असे ओसंडण्याचा धोका असलेल्या सात संख्या आधीच ओळखल्या गेल्या होत्या. चारांना संरक्षण दिले, तीन तशाच ठेवल्या, कारण त्या संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये असे उद्दिष्ट होते. म्हणजे ही एक गुणवत्तेची अटच होती, आकड्यासकट. एरियन ५ चा उड्डाणमार्ग मात्र या प्रणालीच्या अटींमध्ये समाविष्ट नव्हता, त्यामुळे त्या तीन संख्या सुरक्षित आहेत हे गृहीतक नव्या रॉकेटसाठी पुन्हा कोणी तपासले नाही. त्याहून जिवाला लागणारी गोष्ट अशी की, जो हिशेब करताना चूक झाली त्याची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रॉकेटच्या गरजेपोटी तो उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेला होता.

दुसरे उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चे, सौदी अरेबियातल्या धाहरानचे. पॅट्रियट क्षेपणास्त्र प्रणालीचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत चाले, आणि २४ बिटांत ०.१ ही संख्या अचूक मावत नसल्याने प्रत्येक वेळी किंचित चूक साठत जाई. प्रणाली काही तासच एका जागी चालेल असे मूळ गृहीतक होते. त्या दिवशी ती सुमारे १०० तास सलग चालू होती आणि साठलेली चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली होती. येणारे क्षेपणास्त्र प्रणालीने चुकीच्या जागी शोधले. २८ अमेरिकी सैनिक मारले गेले.

"किती तास सलग चालेल" हे अटीत लिहायला अर्धी ओळ लागते. म्हणून मी परिस्थितीचा रकाना रिकामा असलेली अट मान्य करत नाही. भार किती, डेटा किती साठलेला, किती दिवस सलग चालू, सोबत दुसरे काय चालू, आणि कोणते यंत्र, हे पाच प्रश्न विचारून पाहा. रिकाम्या डेटाबेसवर घेतलेली वेगाची चाचणी मी चाचणी धरत नाही.

ग्राहकाला १०० टक्के उपलब्धता हवी आहे. त्याला काय सांगायचे?

त्याला वेळ दाखवा, टक्के नव्हे. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, ९९.९९९ म्हणजे पाच मिनिटांच्या थोडे वर. एकेक नऊ वाढवताना राखीव यंत्रे, रात्रीची माणसे, दुसरे डेटा सेंटर असा खर्च चढत जातो. तो समोर मांडला की "खरेच गरज आहे का" हा प्रश्न ग्राहक स्वतःच विचारतो.

पण तेवढ्याने अट पूर्ण होत नाही. पावणेनऊ तास वर्षात एकदाच गेले तर अख्खी पाळी बुडाली. तेच रोज ८६ सेकंद असे विखुरले तर कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही, किंवा रोज ऐन पाळी बदलताना ते ८६ सेकंद गेले तर रोज गोंधळ होईल. म्हणून एकूण टक्क्यांबरोबर एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ बंद चालेल, कोणत्या तासांत बिलकूल चालणार नाही, आणि नियोजित देखभाल यात धरायची की नाही, हेही लिहा. नियोजित देखभालीचा मुद्दा सुटला की हमखास वाद होतो. बिघाडानंतर किती वेळात पूर्ववत व्हावे आणि किती वेळाचा डेटा गेलेला परवडेल, हे दोन आकडे वेगळे ठेवा. पहिला कमी करायला एक उपाय लागतो, दुसरा कमी करायला दुसराच.

आणखी एक हिशेब: प्रत्येकी ९९.९ टक्के उपलब्ध असलेले पाच भाग एकापाठोपाठ जोडलेले असतील, तर एकूण उपलब्धता साधारण ९९.५ टक्क्यांवर येते. वर्षाला जवळजवळ ४४ तास. बाहेरच्या पुरवठादाराची सेवा वापरत असाल तर तिच्या हमीपेक्षा मोठी हमी देताना हे गणित आधी मांडा.

आयएसओ २५०१० हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे मानक वापरावे का?

तपासणी-यादी म्हणून जरूर. १९९१ मध्ये पहिल्यांदा आलेल्या आयएसओ ९१२६ ची जागा या मानकाने घेतली. २०११ च्या आवृत्तीत आठ मुख्य गुण होते: कामाची योग्यता, कार्यक्षमता, इतर प्रणालींशी सुसंगतता, वापरसुलभता, विश्वासार्हता, सुरक्षा, देखभालसुलभता आणि पोर्टेबिलिटी (दुसऱ्या यंत्रावर किंवा प्रणालीवर नेता येणे). २०२३ च्या आवृत्तीत सेफ्टी (माणसाला इजा न होणे) हा नववा गुण आला, आणि वापरसुलभता व पोर्टेबिलिटी यांची नावे अनुक्रमे इंटरॅक्शन कॅपेबिलिटी आणि फ्लेक्सिबिलिटी अशी झाली.

यादी हातात असली की "स्थलांतराचा विचार आपण केलाच नाही" असे वेळेत लक्षात येते. पण काही ठिकाणी नऊ शीर्षके घेऊन प्रत्येकाखाली दोन वाक्ये भरायची पद्धत पडली आहे. अशा कागदात बहुतेक वाक्ये कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येतात. ज्या गुणाबद्दल खरोखर काही सांगायचे नाही, तिथे "या प्रकल्पात विशेष अट नाही" असे स्पष्ट लिहा. तोही निर्णयच आहे.

सुरक्षेची अट कशी लिहावी? "हॅक होऊ नये" हे कसे तपासणार?

तपासता येत नाही, म्हणून तसे लिहू नये. कोणापासून, कशाचे, किती संरक्षण, या क्रमाने जा. उदाहरणार्थ: "देखभालीचे अधिकार नसलेल्या खात्यावरून मशीनचा सेटपॉइंट (वेग, तापमान यांचे ठरवून दिलेले मूल्य) बदलण्याचा प्रयत्न झाला तर तो नाकारला जावा, ५ सेकंदांत नोंद व्हावी, आणि ती नोंद त्या खात्याला पुसता येऊ नये." हे टेस्टर अर्ध्या तासात तपासतो. त्याबरोबर काळाच्या अटी लिहा: वापरलेल्या लायब्ररीत गंभीर त्रुटी जाहीर झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती मिळेल, नोकरी सोडलेल्याचे खाते किती तासांत बंद होईल. वेब ॲप्लिकेशनसाठी ओवॅस्प या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची एएसव्हीएस ही पडताळणीची यादी आणि कारखान्यातल्या नियंत्रण प्रणालींसाठी आयईसी ६२४४३ ही मानकमालिका हाताशी ठेवा.

सिक्युरिटी आणि सेफ्टी या दोन्हींना मराठीत आपण सुरक्षा म्हणून मोकळे होतो, त्यातून खरे घोटाळे होतात. एकात माणसापासून यंत्राला वाचवायचे असते, दुसऱ्यात यंत्रापासून माणसाला. सॉफ्टवेअर चुकल्याने कोणी जखमी होऊ शकत असेल, तर या पानावरचा सल्ला पुरेसा नाही. तिथे आयईसी ६१५०८, वाहनांसाठी आयएसओ २६२६२, विमानांसाठी डीओ-१७८सी अशी मानके आणि त्यांतले अनुभवी लोक लागतात.

वापरायला सोपे, हे मोजता येते?

येते. कोण, कुठे, काय करणार आणि त्यात किती जण यशस्वी व्हायला हवेत, एवढे ठरवा. "प्रणाली आधी न पाहिलेल्या १० ऑपरेटरांना ३० मिनिटे शिकवल्यावर, हातमोजे घालून, त्यांपैकी किमान ९ जणांनी अडकलेली पेटी काढून लाइन २ मिनिटांत मदतीशिवाय पुन्हा सुरू करावी." यातला "हातमोजे घालून" हा शब्दप्रयोग वगळून पाहा, बटणांचा आकारच बदलतो. मत जाणून घ्यायचे असेल तर जॉन ब्रूक यांची दहा विधानांची सिस्टीम युजेबिलिटी स्केल आहे, ती ० ते १०० मध्ये गुण देते. वाचनीयतेसाठी डब्ल्यूसीएजीने (वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी) सामान्य आकाराच्या मजकुराला घालून दिलेले ४.५:१ हे मजकूर आणि पार्श्वभूमी यांतल्या किमान काँट्रास्टचे प्रमाण थेट अटीत घेता येते.

आणि देखभालसुलभता?

"कोड स्वच्छ असावा" याऐवजी येऊ घातलेला बदल लिहा: "नव्या ग्राहकाच्या लेबलचा नमुना कोड न बदलता, प्रशिक्षित इंजिनिअरला ४ तासांत, चाचणीसह जोडता यावा." मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली, कोडमधल्या स्वतंत्र वाटा मोजणारी सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी वगैरे मापे टीमने स्वतःसाठी जरूर पाहावीत. ग्राहकाशी करार त्यांवर करू नये, कारण आकडा खाली आणण्यासाठी एका फंक्शनची निष्कारण दहा फंक्शने झालेली मी पाहिली आहेत.

दोन अटी एकमेकींच्या आड आल्या तर?

येणारच. प्रत्येक संदेश एन्क्रिप्ट करा म्हटले की वेळ वाढतो, प्रत्येक नोंद दोन ठिकाणी लिहा म्हटले की वेग घटतो. एरियनमध्येही भाराची अट आणि संरक्षणाची गरज समोरासमोर आल्या होत्या. अशा वेळी डिझाइन करणाऱ्याने एकट्याने, मनातल्या मनात निवड करू नये. निवड, तिचे कारण आणि ती ज्या गृहीतकांवर उभी आहे ती, तिन्ही लिहून ग्राहकासमोर ठेवा. प्रत्येक अटीला दोन श्रेणी देण्याची पद्धत मला उपयोगी वाटते: व्यवसायासाठी किती महत्त्वाची आणि साधायला किती अवघड. दोन्हीकडे "जास्त" आलेल्या अटींवर प्रणालीची रचना ठरवणाऱ्या आर्किटेक्टचा पहिला महिना जायला हवा.

किती अटी पुरेशा?

मध्यम आकाराच्या प्रकल्पात नीट लिहिलेल्या दहा ते वीस अटींवर मी समाधानी असते. प्रत्येक अट तपासायला यंत्रे, डेटा आणि माणसांचे दिवस लागतात. दीडशे अटी असतील तर त्या तपासल्या जात नाहीत, फक्त त्यांच्यापुढे टिक केली जाते.

अजाईल पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, काम करतो. या अटी कुठे ठेवायच्या?

एकाच स्टोरीपुरती (वापरणाऱ्याच्या एका छोट्या गरजेपुरती) अट त्या स्टोरीच्या स्वीकृती-निकषांत. सगळीकडे लागू होणारी अट "काम पूर्ण झाले" याच्या व्याख्येत, आणि शक्य तिथे रोजच्या बिल्डमध्ये आपोआप चालणारी चाचणी म्हणून. वेग आणि उपलब्धतेच्या अटी चालू प्रणालीवर सतत मोजता येतात. एसएलओ (सेवेने गाठायची ठरवलेली पातळी) आणि एरर बजेट (परवडणारी चूक) ही पद्धत तेच करते: महिनाभरात किती चूक परवडते ते ठरवायचे, आणि ते संपत आले की नवी कामे थांबवून स्थैर्याकडे वळायचे. "गुणवत्तेचा स्प्रिंट (कामाचा छोटा टप्पा) शेवटी घेऊ" असे मात्र ठरवू नका. प्रतिसादाचा वेळ आणि उपलब्धता रचनेतच ठरतात, शेवटच्या दोन आठवड्यांत त्या बाहेरून चिकटवता येत नाहीत.

अट चांगली लिहिली आहे की नाही, हे पटकन कसे ओळखावे?

ती टेस्टरच्या हातात द्या आणि काही न सांगता चाचणीचे टप्पे लिहायला सांगा. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे अटीतली एक राहिलेली जागा. मी आता टेस्टर खोलीत नसेल तर अटींची बैठकच घेत नाही.

करार झाला, काम निम्मे झाले, आणि आता अटी धूसर असल्याचे लक्षात आले. उशीर झाला का?

झाला, पण मार्ग आहे. जुन्या वाक्याचा अर्थ काय यावर भांडायला बसू नका, कारण त्याला एकच अर्थ कधी नव्हताच. दोन्ही बाजूंची माणसे घेऊन खऱ्या जागी, खऱ्या भाराखाली मोजा. घड्याळ कुठे सुरू होते आणि कुठे थांबते यावर आधी सही घ्या, आकड्यावर नंतर.

पॅकिंग लाइनवर आम्ही हेच केले. सेन्सर, सर्व्हर आणि प्रिंटर तिघांच्या नोंदी पीएलसीच्या घड्याळाला जुळवून एक अख्खी पाळी मोजली. ९९.९ व्या पर्सेंटाइलचा वेळ २.६ सेकंद निघाला, आणि त्यातला १.४ सेकंद एकट्या प्रिंटरच्या रांगेत जात होता, कारण प्रत्येक लेबलसोबत तोच लोगो नव्याने पाठवला जात होता. लोगो प्रिंटरच्या मेमरीत एकदाच साठवला. पुढच्या पाळीत तोच वेळ १.३ सेकंदांवर आला, आणि वरची अट आम्ही त्या दिवशी संध्याकाळी पट्ट्याशेजारच्या टेबलावर बसून, ऑपरेटर, प्रोग्रामर आणि पाळीप्रमुखासोबत लिहून काढली.